नवेगावबांधला गेलात तर आधी पाळीवर चढा

गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधला पिकनिकला येणारे बहुतेक लोक बोटीत एक चक्कर मारतात, फोटो काढतात अन् दोन तासात परत निघतात. एवढ्या दुरून येऊन असं नका करू बाप्पा, हा एवढा मोठा तलाव माणसांनी हातानं बांधलेला आहे अन् तो कसा बांधला ते बघून गेलात तर येणं खरं कामी आलं.

नागपूरवरून अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, हायवेनं भंडारा, साकोली करत कोहमाऱ्याला यायचं अन् तिथून उजवीकडे वळायचं. गोंदियावरून पासष्टेक किलोमीटर पडतं. ट्रेननं यायचं असेल तर गोंदिया-बल्लारशा लाईनवर देवळगाव स्टेशन आहे, गावाच्या अगदी जवळ. मी म्हणीन नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच या, बाहेरून आलेली बदकं तेव्हाच दिसतात, अन् सकाळी सातच्या आत पाण्याजवळ पोचा. आम्ही एकदा पाहुण्यांना घेऊन अकरा वाजता पोचलो तर पाण्यावर नुसती चमक, पाखरं पार मधात, दुर्बिणीतूनपण ठिपक्यासारखी दिसत होती, पोट्टे बिचारे हिरमुसले.

पोचल्यावर सगळ्यात आधी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर जा. दोन टेकड्यांच्या मधली खिंड माती-दगडानं बुजवून पाणी अडवलं, अशी ही पाळ. वर उभं राहून एका बाजूला बघा, पाणीच पाणी, अकराएक चौरस किलोमीटरचा पसारा, अन् मग तोंड फिरवून दुसरीकडे बघा, खाली धानाच्या बांध्या, पायाखाली पाण्याच्या पातळीपेक्षा कितीतरी खोल. लहान लेकरांनापण इथं लगेच कळतं की पाणी पाटानं आपोआप उतारावर जाते, पंप लागत नाही.

हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. भोवतालच्या टेकड्यांना सातबहिणी म्हणतात, या सात देवींनी बांधकामात मदत केली अशी लोकांची श्रद्धा, अन् कोलू पाटलांनापण लोक कोलासूर देव म्हणून पुजतात. तलाव बांधणाऱ्याला देव मानणारा मुलुख आहे आमचा, म्हणून देवाच्या ठाण्यावर जाल तर चपला बाहेर काढा.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे हजारो जुने तलाव आहेत, लोक त्यांना मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली अन् तलाव सरकारकडे आले. वेळ असेल तर रस्त्यात कोणत्याही गावात असा एखादा लहान तलाव बघून घ्या, शेतावरच्या माणसाला विचारा, तुडूम कुठं आहे? जुनं तुडूम म्हणजे तलावाचं पाणी शेताकडे सोडायला केलेलं, पाण्यात उतरत जाणारं पायऱ्यांसारखं बांधकाम, पायरीपायरीला भोक अन् भोकात लाकडी दट्टा, पाणी जसं उतरते तसा खालचा दट्टा काढायचा. मी पहिल्यांदा जवळून पाहिलं तेव्हा दट्ट्याचा कड हात लागून लागून गुळगुळीत झालेला होता. बऱ्याच तलावांत आता बेशरम नावाचं झुडूप माजलं आहे अन् गाळ भरला आहे, ते बघून जीव तुटतो.

मग बोट. ती कधी सुरू असते कधी बंद, निघायच्या आधी फोन करून विचारा, अन् लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका. पाण्यात पोहायला उतरायचं नाही, खोली फसवी आहे, पाळीच्या दगडावर शेवाळपण असते. जंगल बघायचं तर 1975 पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे, 2013 पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात. सफारी वेगळी बुक करावी लागते अन् पावसाळ्यात बंद राहते. जंगल अन् पाखरांवर लिहिणारे लेखक मारुती चितमपल्ली वन अधिकारी म्हणून इथं राहिले, इथल्या पाखरांवर त्यांनी किती जीव लावला ते मराठी वाचणाऱ्याला सांगायची गरज नाही. त्यांच्यासारखं गप्प बसून ऐकायचं, स्पीकर गाडीतच ठेवा.

डबा सोबत आणा, उष्टं अन् प्लास्टिक परत घेऊन जा. ढिवर बांधव सकाळी जाळं काढतात तेव्हा ताजी मासोळी मिळू शकते, भाव करताना त्यांच्या पहाटेच्या मेहनतीची आठवण ठेवा. अन् परतताना अंधार पडायच्या आत कोहमाऱ्याला लागा, रस्ता जंगलातून आहे, रानडुकरं एकदम आडवी येतात.