थ्रीडी शिकताय? आधी आपल्या गावचं ऊन लावा

आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला असताना बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या एका काकांना मी घराचं थ्रीडी करून दिलं. ओळखीतलं काम, पैसे नावापुरते. दक्षिणेला कोठी, तिच्यावर एक मजला आणि उत्तरेच्या अंगाला खळं. काकांनी विचारलं एवढंच, "डिसेंबरात भात वाळवायला खळ्यात ऊन राहील काय?" मी स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये २१ डिसेंबरची भर दुपार लावली. २० फूट उंचीची सावली थेट ४० फुटांवर गेली, अख्खं खळं काळं. काकांनी वरचा मजला रद्द केला.

पुढच्या डिसेंबरात घर बघायला गेलो. काकांनी खळ्यात एक काठी उभी केली, तिची सावली पावलांनी मोजली आणि हिशोब मांडला. मजला चढला असता तरी सावली १६-१७ फुटांवर संपली असती. "मग तुझ्या फोटोतलं ऊन कुठल्या गावचं रे?"

ते अमेरिकेतल्या बोल्डरचं होतं. लोकेशन दिलं नाही तर स्केचअप बोल्डर धरून चालतो, आणि मी ते दिलंच नव्हतं. बोल्डर विषुववृत्तापासून ४० अंश उत्तरेला, बेळगाव १६ च्या किंचित अलीकडे. २१ डिसेंबरच्या दुपारी तिथं सूर्य जेमतेम साडेसव्वीस अंश वर येतो, आपल्याकडे ५० च्या वर. दुसरी गंमत उन्हाळ्यातली. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. जून-जुलैत ढगच असतात, पण मे महिना भाजून काढतो. तरी "उत्तरेला छज्जा कशाला?" म्हणणारे घरमालक भेटतातच. त्यांच्याशी वाद घालू नका, १५ मेची सावली लावून दाखवा.

नवीन मुलांना वाटतं, रेंडर, म्हणजे मॉडेलवरून कॉम्प्युटरनं काढलेलं चित्र, फक्त गिऱ्हाइकाला भुलवायला असतं. माझ्या मते त्याचा खरा उपयोग साईटवर होतो. इथं जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, घरमालक मराठी, सेंट्रिंगवाला (स्लॅबखाली फळ्या-टेकू लावणारा) हिंदीत बोलणारा. मधे बिचारा नकाशा. खानापूरच्या एका कामावर गवंड्याला मोबाईलवर जिन्याचा उभा छेद दाखवला. रंग नाही, फर्निचर नाही, नुसतं पांढरं मॉडेल. त्यानं बोटानं मोठं केलं आणि म्हणाला, "हितं डोकं आपटतंय की." मोजलं तर बीमखाली पायरीपासून ५ फूट १० इंच. सात फूट तरी हवेत. प्लॅनमध्ये ते मला महिनाभर दिसलं नव्हतं. सेंट्रिंग लागायच्या आधी कळलं म्हणून निभावलं.

कॅमेऱ्याचं भान ठेवा. लेन्स रुंद केली की दहा बाय दहाची खोली हॉलसारखी दिसते. मग लोक तसा सोफा आणतात आणि दार उघडेनासं होतं. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, सव्वापाच फुटांवर ठेवा, आणि तयार मॉडेलमधली पलंग-कपाटं मापून घ्या, बरीचशी मापात नसतात. चिऱ्याच्या भिंतीसाठी नेटवरचं टेक्स्चर (मॉडेलवर चिकटवायचं चित्र) कशाला, खानापूरकडच्या भिंतीचा फोटो स्वतः काढा. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर फुकट आहे, हात त्यावरच बसवा. महागडा लॅपटॉप नसला तर रेंडर रात्री लावून झोपा. प्लॅन पक्का व्हायच्या आधी रंगीत चित्र मात्र देऊ नका, नाहीतर घरमालक रंगावर भांडतो आणि न्हाणीघर कुठं आहे ते बघतच नाही.

शहराच्या प्लॅनिंगकडे जायचं असेल तर क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर शिका. उंचीची जी माहिती फुकट मिळते तिचा एक ठिपका साधारण ३० बाय ३० मीटरचा, म्हणजे तीस बाय चाळीस फुटांचे आठ प्लॉट एकाच ठिपक्यात. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याकडे पाणी कुठून उतरतं याचा एकूण कल त्यातून दिसतो, आणि सभेत लोकांना दाखवायला तो पुरतो. तुमच्या दारात पाणी किती चढेल ते कळायला डंपी लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) घेऊन चिखलात उतरावं लागतं.

काकांच्या कोठीवर कॉलमच्या सळया अजून उभ्या आहेत, टोकांवर प्लास्टिकच्या बाटल्या उलट्या घातलेल्या. यंदा भाताला बरा दर मिळाला तर मजला चढवतो म्हणतात. नकाशाचे पैसे मी घेणार नाही.