थंड, ओलसर घरासाठी डीह्युमिडिफायर घेताना या चुका टाळा

डीह्युमिडिफायर म्हणजे हवेतली ओल पाणी करून काढणारं यंत्र. त्याच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘दिवसाला 20 लिटर’ असं छापलेलं असतं आणि बहुतेकांची खरेदी त्या एका आकड्यावर उरकते. आकडा खोटा नसतो. पण तो बहुधा 30 अंश सेल्सिअस आणि 80 टक्के आर्द्रतेत मोजलेला असतो, आणि गारठलेल्या घरात अशी हवा कुठून येणार? 12-13 अंशांच्या खोलीत तेच यंत्र निम्म्याच्याही खाली येतं. मग ‘मशीन खराब निघालं’ म्हणून तक्रार होते.

खराब काही नसतं. कॉम्प्रेसरच्या यंत्रात थंड कॉइलवर हवेतल्या वाफेचं पाणी होतं. खोलीच गार असली की कॉइल शून्याखाली जाते आणि तिच्यावर बर्फ धरतो. जाळीतून बॅटरीचा उजेड टाकून बघा: नळ्यांवर पांढरा थर, पंखा चालू, आणि टाकीत थेंब नाही. बर्फ वितळवण्यात यंत्राचा वेळ जातो आणि वीज मात्र जळतच राहते. खोली कायम 15 अंशांच्या खाली राहत असेल तर डेसिकंट प्रकार घ्या. त्यात ओल शोषणारं चाक फिरतं आणि हीटर ते सुकवतो, त्यामुळे बर्फाचा प्रश्नच येत नाही. वीज जास्त लागते हे खरं, पण ती उष्णता बनून खोलीतच येते, वर हवाही कोरडी होते. गरम ठेवलेल्या घरात मात्र कॉम्प्रेसरच परवडतो.

टाकी रोज भरली पाहिजे, ही अपेक्षाही चुकीची. 20 अंशांची हवा दर घनमीटरला जास्तीत जास्त सुमारे 17 ग्रॅम वाफ धरते, 10 अंशांची जेमतेम साडेनऊ. थंड हवेत मुळात पाणीच कमी असतं. म्हणून टाकीकडे बघू नका, वेगळा आर्द्रतामापक घ्या. यंत्राचा स्वतःचा आकडा यंत्राजवळच्या हवेचा असतो, कोपऱ्यातल्या भिंतीचा नव्हे.

आणि बुरशी धरते ती त्या कोपऱ्यातच. खोलीच्या मध्यभागी 20 अंश आणि 60 टक्के असेल, तरी 12 अंशांच्या भिंतीवर दव जमायला लागतं. बाहेरच्या भिंतीला चिकटून ठेवलेल्या कपाटामागे हेच होतं. कपाट वीतभर पुढे ओढा. मापकावर 50 ते 55 टक्के ठेवलं की पुरे. 35-40 च्या मागे लागून फक्त बिल वाढतं आणि लाकडी सामान तडकतं.

आता सर्वांत महागाची चूक: गळक्या भिंतीवर यंत्राचा इलाज करणं. भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवा. पाणी प्लॅस्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला आलं तर ओल भिंतीतून येतेय. तिथे गवंडी किंवा प्लंबर हवा. बाहेरच्या बाजूला आलं तर ती खोलीतल्या हवेची ओल, तिथे यंत्र कामाचं. पोपडे फक्त खालच्या फूटभर पट्ट्यात असतील तर जमिनीतली ओल वर चढत असण्याची शंका आधी घ्या.

हातात मावणारी, आवाज न करणारी स्वस्त यंत्रंही दिसतात. ती पेल्टियर प्रकारची, म्हणजे कॉम्प्रेसरऐवजी विजेने थंड होणाऱ्या छोट्या चकतीवर चालणारी असतात आणि दिवसाला काहीशे मिलिलिटर पाणी काढतात. कपाटाला ठीक. खोलीत वाळत घातलेल्या एका धुण्यातूनच दोनेक लिटर पाणी हवेत जातं, तिथे ती काय पुरी पडणार!

वापरताना दारं-खिडक्या बंद ठेवा, नाहीतर बाहेरची ओल काढत बसाल. यंत्र भिंतीला टेकवू नका. फिल्टर पंधरवड्याला झटका. नळी लावून पाणी सोडत असाल तर तिला पूर्ण उतार हवा. मध्ये एक चढ आला की पाणी तुंबतं. डेसिकंटचा प्लग थेट ओढू नका, आधी बटणाने बंद करा, म्हणजे पंखा हीटर थंड करून थांबेल. कॉम्प्रेसरचं यंत्र वाहतुकीत आडवं झालं असेल तर उभं करून काही तास तसंच राहू द्या, मगच सुरू करा. नेमके किती तास, ते त्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं.