सायरन वाजतो, पण डायलरचा फोन लागत नाही: माझा अनुभव

गोदामातला जुना लँडलाइन डायलर (आपोआप फोन लावणारं यंत्र) अलार्म झाला की नंबर फिरवायचा, तो आवाजही यायचा. मोबाइल मात्र गप्प. नंबर पुन्हा भरला, बॅटरी बदलली. दोन रविवार पाण्यात.

घोळ शून्यांचा होता, तोही दुहेरी. आमची लाइन ईपीएबीएक्समधून (जागेतल्या छोट्या टेलिफोन एक्स्चेंजमधून), म्हणून बाहेर जायला एक ०. शिवाय १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी ० लावावाच लागतो.

जुना नंबर पुसला. मग या क्रमाने भरला: ०, पॉज (क्षणभर थांबा), ०, दहा आकडी नंबर, सेव्ह. पॉज विसरू नका. नाहीतर बाहेरचा डायल टोन यायच्या आत डायलर आकडे फेकून मोकळा होतो.

वॉचमनकाकांना सांगून दाराचा सेन्सर उघडला. मोबाइल वाजला! मग मेन स्विच बंद करून पाहिलं: डायलर बॅटरीवर जागा, ईपीएबीएक्स ठार. त्यालाही यूपीएस जोडला, पुन्हा चाचणी, फोन आला.