रेटवर प्रोग्रॅम भरकटतो? ८०८५च्या स्टॅकमधल्या या चुका टाळा

८०८५ या मायक्रोप्रोसेसरच्या किटवर सबरूटीनमधून (कॉलने बोलावलेल्या उपप्रोग्रॅममधून) परत येताना प्रोग्रॅम भलतीकडेच गेला, की संशय रेटवर, म्हणजे परतायच्या सूचनेवर येतो. रेट बिचारी स्टॅकवरचे (रॅममधल्या तात्पुरत्या साठ्यावरचे, जिथे शेवटी ठेवलेलं आधी निघतं) दोन बाइट उचलून पीसीत (पुढच्या सूचनेचा पत्ता ठेवणाऱ्या रजिस्टरमध्ये) टाकते, बाकी काही करत नाही. ते बाइट म्हणजे कॉलने ठेवलेला परतीचा पत्ता की तुमच्या पुशने ठेवलेला डेटा, हे तिला कळायला मार्ग नाही. चूक असते ती तिच्या आधी कुठेतरी.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक ही:

शोध: पुश बी
सीएमपी एम
आरझेड
...
पॉप बी
रेट

इथे पुश बी ही बीसी रजिस्टर-जोडी स्टॅकवर ठेवते, पॉप बी ती परत घेते. सीएमपी एम ए रजिस्टरची मेमरीतल्या बाइटशी तुलना करते; जुळलं तर झेड फ्लॅग (निकालाची खूण) लागतो, आणि तो लागला तरच आरझेड परत फिरते. तुलना जुळली नाही तर सगळं सुरळीत. जुळली की आरझेड मधूनच परत फिरते, पण बीसी अजून स्टॅकवरच आहे. बीसीत ०५१०एच (एच म्हणजे हेक्साडेसिमल) असेल तर प्रोसेसर ०५१०एच या पत्त्यावर जातो. प्रोग्रॅम दहादा चालून अकराव्यांदा अडकतो तो यामुळेच. उपाय: बाहेर पडायचं दार एकच ठेवा. आरझेडऐवजी 'जेझेड बाहेर' (झेड फ्लॅग लागला तर 'बाहेर'कडे उडी) लिहा आणि 'बाहेर' हे लेबल शेवटच्या पॉप बीला द्या. पॉप बी फ्लॅगना हात लावत नाही, त्यामुळे झेड फ्लॅग जसाच्या तसा कॉल करणाऱ्यापर्यंत पोचतो.

पॉप पीएसडब्ल्यूचं मात्र तसं नाही, ती ए रजिस्टर आणि सगळे फ्लॅग स्टॅकवरून परत भरते. उत्तर ए रजिस्टरमध्ये किंवा कॅरी फ्लॅगमध्ये द्यायचं आणि शेवटी सवयीने पॉप पीएसडब्ल्यू लिहायचं, म्हणजे केलेलं काम स्वतःच पुसायचं. इंटरप्ट रूटीनमध्ये (मुख्य प्रोग्रॅम मध्येच थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये) उलट: तिथे पुश पीएसडब्ल्यू हवंच, कारण इंटरप्ट आल्यावर ८०८५ फक्त पीसी स्टॅकवर ठेवतो. फ्लॅग जपले नाहीत, तर मुख्य प्रोग्रॅममधल्या सीएमपी आणि जेझेडच्या मध्ये इंटरप्ट आला की निर्णय चुकतो. असा दोष मागून पकडणं फार कठीण.

आता एसपीची, म्हणजे स्टॅकचा माथा दाखवणाऱ्या स्टॅक पॉइंटरची सुरुवात. रिसेटनंतर पीसी शून्य होतो, पण एसपीत काय असेल याचा भरवसा नाही. किटवर बहुधा मॉनिटर प्रोग्रॅम (किट चालवणारा आतला प्रोग्रॅम) तो आधीच भरून ठेवतो, म्हणून एलएक्सआय एसपी (एसपीत आकडा भरायची सूचना) न लिहिताही काम भागतं. तोच कोड स्वतःच्या बोर्डवर नेला की पहिल्याच कॉलला घोटाळा. रॅम २०००एच ते २७एफएफएच असेल तर एसपीत २८००एच भरा. पुश आधी एसपी एकने कमी करते आणि मग लिहिते, त्यामुळे पहिला बाइट २७एफएफएचवरच पडतो. २०००एच भरलंत तर तो १एफएफएफएचवर, म्हणजे रॅमच्या बाहेर जाईल. तिथे कोरी ईप्रॉम (प्रोग्रॅमला फक्त वाचता येणारी मेमरी; कोरी असताना सगळीकडे एफएफएच) असली तर लिहिलेलं टिकत नाही आणि रेटच्या हाती एफएफएफएफएच लागतो. किटच्या रॅमचा वरचा भाग मॉनिटर स्वतः वापरत असेल, तर मॅन्युअल पाहून तेवढी जागा सोडा.

पुश बी, पुश डी केल्यावर आधी पॉप डी, मग पॉप बी. उलटं केलंत तर बीसी आणि डीई या दोन जोड्यांची अदलाबदल होते. सबरूटीनच्या आत एलएक्सआय एसपी लिहू नका, परतीचा पत्ता हातचा जातो. जेएमपी करून सबरूटीनमधून बाहेर उडी मारणंही टाळा, दर वेळी दोन बाइट स्टॅकवर पडून राहतात.

तरीही चूक सापडत नसेल तर एसपी मोजा. तो थेट वाचायची सूचना ८०८५मध्ये नाही, पण एलएक्सआय एच, ००००एच आणि मग डॅड एसपी (एचएलमध्ये एसपी मिळवा) केलं की तो एचएलमध्ये येतो. एसएचएलडीने कुठेतरी साठवा. यात एचएल आणि कॅरी बिघडतात, तेव्हा हे तपासणीपुरतंच. सबरूटीनच्या पहिल्या ओळीवर आणि रेटच्या लगेच आधी, असं दोनदा मोजा. दुसरा आकडा २ने कमी आला तर एक पॉप राहिलाय, २ने जास्त आला तर एक पॉप जादा झालाय. फरक विषम असेल तर आयएनएक्स एसपी किंवा डीसीएक्स एसपी (एसपी एकने वाढवणारी किंवा कमी करणारी सूचना) कुठे लिहिलंय ते शोधा.

आकडे जुळूनही डेटा बिघडत असेल, तर स्टॅक खाली वाढत डेटावर आला असेल. मधली मोकळी रॅम आधी एएएच या ओळखीच्या बाइटने भरा, प्रोग्रॅम चालवा आणि खालून वर पाहत जा. एएएच जिथे संपतात तिथवर स्टॅक उतरला होता.