जादू न येणारा कॅरेक्टर मस्त कसा खेळायचा
डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या रोल-प्लेइंग गेममध्ये (२०१४ चे रूल्स) जादू न येणारा कॅरेक्टर घेतला की लोक म्हणतात बोअर होशील, पण तसं अजिबात नाहीये. फायटर (शस्त्रांनी लढणारा) घ्या, ३ऱ्या लेव्हलला बॅटल मास्टर (फायटरचाच डावपेचवाला प्रकार) निवडा, डावपेचांसाठी ४ डी८ डाइस (आठ बाजूंचे फासे) मिळतात आणि ते शॉर्ट रेस्टनंतर (तासाभराच्या विश्रांतीनंतर) परत येतात, विझार्डचे (जादूगाराचे) बहुतेक स्लॉट, म्हणजे जादू वापरायच्या संधी, मात्र लाँग रेस्टलाच (रात्रभराच्या विश्रांतीलाच), म्हणून पार्टीला तासभर थांबा म्हणायला लाजू नका. दरवेळी नुसती तलवार काय मारायची, शत्रूला ढकलून खाली पाडा ना, मग जवळून मारणाऱ्या सगळ्यांना दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा अ‍ॅडव्हांटेज! उडणाऱ्यांसाठी लाँगबो हवाच. आणि हीलर्स किट (मरायला टेकलेल्याला वाचवायची प्रथमोपचार पेटी) घ्याच घ्या, ५ गोल्डमध्ये १० वेळा वापरता येतं, आमचा क्लेरिक (देवाच्या शक्तीने जादू करणारा) पडला तेव्हा त्याच्यामुळेच वाचला.