डीओ की एमडी? आधी देश बघा

भाचीचा न्यू जर्सीहून फोन, "मावशी, डीओ म्हणजे हाडवैद्य का गं?" नौपाड्यातल्या घरी वाणसामानाच्या यादीमागेच मी दोन रकाने आखले: डीओ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) आणि एमडी, अमेरिकेतल्या डॉक्टरकीच्या दोन पदव्या.

आधी देश बघा. अमेरिकेतला डीओ पूर्ण डॉक्टर: औषधं लिहितो, शस्त्रक्रिया करतो, 50 च्या 50 राज्यांत. ब्रिटनमधला ऑस्टिओपॅथ, म्हणजे हातांनी सांधे-स्नायूंवर उपचार करणारा, तसा डॉक्टर नव्हे; गल्लत इथेच होते. अमेरिकेत डीओ, एमडी, अभ्यासक्रम दोन्ही 4 वर्षांचे. डीओला वर साधारण 200 तास सांधे-स्नायू हातांनी तपासायचं, हाताळायचं शिक्षण. 2020पासून रेसिडेन्सीचं (पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाचं) मॅच, म्हणजे जागावाटप, तेही दोघांना एकच. डीओची परवान्याची परीक्षा मात्र वेगळी, कॉमलेक्स. काही ठिकाणी यूएसएमएलई, म्हणजे एमडीवाल्यांची परवाना परीक्षाही मागतात, तेव्हा खर्च दोन्हींचा धरा.

आपल्याकडचा एमडी एमबीबीएसनंतरचा, तो या रकान्यात आणूच नका. ताई अजून आणते.