स्कॅन केलेल्या चित्रातली रेघ कागदापासून सोडवायची कशी

मिरजेच्या तंबोऱ्याचं शाईतलं चित्र घ्या. भोपळ्याची जाड गोलाई, दांडीवरची बारीक नक्षी, खुंट्यांच्या सावलीत भरलेला काळा आणि ०.१ च्या पेननं ओढलेल्या चार तारा. कॉम्प्युटरवर रंग भरण्याआधी चित्र साफ करताना ज्या अडचणी येतात त्या सगळ्या या एका कागदावर भेटतात, म्हणून पुढे उदाहरण तेच आहे. शाई वाळली आहे, पेन्सिल खोडली आहे आणि स्कॅनरची काच पुसली आहे, एवढं धरून चालतो.

स्कॅन

६०० डीपीआय (म्हणजे इंचाला ६०० ठिपके), रंगीत, टिफ किंवा पीएनजी फाइल. चित्र काळंपांढरं असलं तरी स्कॅन रंगीतच; कारण पुढे येईल.

"३०० पुरतात" हा सल्ला फोटोंसाठी ठीक आहे, रेघेसाठी नाही. ०.१ मिलिमीटरची तार ३०० डीपीआयला जेमतेम एक-सव्वा पिक्सेल रुंद येते. ती किंचित तिरकी असली की तुटक दिसते, आणि मग ती साफ करायला काही उरतच नाही. ६०० ला तीच तार सव्वादोन पिक्सेलांची होते, म्हणजे मधला भाग आणि दोन कडा वेगळ्या ओळखता येतात. ए-फोरचं पान ६०० ला ४९६० × ७०१६ पिक्सेलांचं होतं आणि रंगीत टिफ साधारण १०० एमबी भरते. जुन्या कॉम्प्युटरला ते जड वाटलं तर साफसफाई संपल्यावर ३०० वर आणा, आधी नाही.

जेपीजी नको. ते चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलांचे चौकोन करून दाबतं आणि काळ्या रेघेभोवती राखाडी भुरका सोडतं. स्कॅनरच्या खिडकीत "टेक्स्ट", "ब्लॅक अँड व्हाइट", "शार्पन", "बॅकग्राउंड रिमूव्हल" यांपैकी काही चालू असेल तर बंद करा. मशीनला तुमची तार आणि कागदावरचा डाग यांतला फरक कळत नाही.

झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून घेणार असाल तर समोर उभं राहा. तिथली सवय कागदपत्रांची: पान फीडरमध्ये सारायचं, पीडीएफ करायची आणि व्हॉट्सॲपवर धाडायची. फीडरचा रोलर शाई फासू शकतो आणि पान तिरकं ओढतो. काचेवर ठेवायला सांगा, फाइल पेनड्राइव्हवर घ्या.

साध्या ऑल-इन-वन मशीनमधल्या सेन्सरला काचेला टेकलेलंच नीट दिसतं. कागद दोन-तीन मिलिमीटर उचलला गेला तरी तिथली रेघ धूसर येते आणि बाजूला करडी सावली पडते. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णाकाठच्या हवेत कार्ट्रिज पेपर हमखास वळतो. रात्रभर दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून जड पुस्तकांखाली ठेवा, आणि स्कॅन करताना झाकणावर वजन द्या. कागदाच्या मागेही काही काढलेलं असेल तर पाठीला काळा कार्डपेपर लावा. पान थोडं गडद येईल, पण मागचं चित्र पुढे उमटणार नाही.

चित्र तिरकं आलं असेल तर सरळ करायचं काम आत्ताच आणि एकदाच. प्रत्येक वेळी फिरवलं की कडा थोड्या मऊ पडतात.

निळी पेन्सिल

शाईखालचं कच्चं रेखाटन फिक्या निळ्या पेन्सिलीनं केलं असेल तर खोडायची गरज नाही. ब्लॉक करून छपाई व्हायची त्या काळातली ही युक्ती. कॅमेऱ्याच्या फिल्मला फिका निळा पांढराच दिसायचा. रंगीत स्कॅन लाल, हिरवा आणि निळा अशा तीन चॅनलांचं बनलेलं असतं; आपल्याकडे हेच काम त्यातला निळा चॅनल करतो. जिम्प या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये कलर्स, कॉम्पोनंट्स, एक्स्ट्रॅक्ट कॉम्पोनंट, तिथे आरजीबी ब्लू. फोटोशॉपमध्ये चॅनल्सच्या खिडकीत ब्लू. लाल चॅनल घ्या असं सांगणारे बरेच भेटतात. लाल चॅनलमध्ये निळी रेघ उलट गडद होते. लाल चॅनल लाल पेन्सिलीसाठी आणि पिवळ्या पडलेल्या जुन्या कागदासाठी. स्कॅन रंगीत हवा तो यासाठी.

कागद पांढरा करणं

लेव्हल्स (काळ्या-पांढऱ्याची टोकं ठरवायची खिडकी) उघडण्याआधी पिपेट घेऊन पिक्सेलचे आकडे वाचा; ० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा. कोरा कागद सगळ्यात करड्या कोपऱ्यात किती? समजा २२८. भोपळ्याची जाड रेघ मध्यावर? ३५. तार? ११० च्या आसपास, कारण इतक्या बारीक रेघेत शाई आणि कागद एकाच पिक्सेलमध्ये मिसळतात. आता पांढरं टोक २२० वर आणा आणि काळं ५० वर. मधल्या घुंडीला हात लावू नका.

इथे सगळ्यांचा हात जास्त चालतो. तारा फिक्या दिसतात म्हणून काळं टोक ११० पर्यंत ओढलं जातं. तारा काळ्या होतात खऱ्या, पण भोपळ्याची रेघ फुगते, तिच्या कडांना दाते येतात आणि दांडीवरची नक्षी भरून जाते. लॅसोनं, म्हणजे हातानं घेरून निवडायच्या साधनानं, फक्त तारांचा पट्टा निवडा आणि तेवढ्यालाच वेगळं लेव्हल्स लावा. दोन मिनिटांचं काम आहे.

पानाची एक बाजू करडी आणि दुसरी स्वच्छ असेल तर एका आकड्यानं भागत नाही. लेअरची (चित्राच्या थराची) प्रत काढा, तिच्यावर १०० पिक्सेल किंवा त्याहून मोठा गॉशियन ब्लर मारून ती धूसर करा आणि तिचा मोड डिव्हाइड करा. कागदाची सावली भागली जाते, रेघ राहते. पण चित्रात मोठा भरीव काळा असेल, जसा खुंट्यांखाली आहे, तर तो काळाही भागला जाऊन मधोमध फिका पडतो. अशा वेळी काळा भाग निवडीतून वगळा.

पांढरं काढून टाकणं

काम बिघडतं ते बहुतेक इथे, आणि ते लगेच कळतही नाही. पांढऱ्या पडद्यावर चित्र सुरेख दिसतं. मग भोपळ्यात तपकिरी रंग भरला की प्रत्येक रेघेला पांढरट किनार दिसायला लागते, जणू चित्र कापून चिकटवलंय.

दोष जादूच्या कांडीचा, म्हणजे सारख्या रंगाचे पिक्सेल एकदम निवडणाऱ्या मॅजिक वाँडचा. पांढऱ्यावर क्लिक करा आणि डिलीट दाबा, हा सल्ला इतका पसरलाय की तो चुकीचा आहे हे सांगायलाच वेळ जातो. कागद ते शाई हा प्रवास एका उडीत होत नाही. रेघेच्या कडेला ओळीनं आकडे वाचा: २५५, २००, १२०, ४०, ०. मधले करडे पिक्सेल ही घाण नाही. रेघ गुळगुळीत दिसते ती त्यांच्यामुळेच. कांडीचा टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालवून घ्यायचा तो आकडा, ३० ठेवला तर २२५ पर्यंतचं जातं, २०० आणि १२० अपारदर्शक राहतात. तीच ती पांढरी किनार. टॉलरन्स वाढवून १५० केला तर कडा पायऱ्यांसारख्या कापल्या जातात, आणि वेगळ्या लेव्हल्सनंतरही ज्या तारा थोड्या फिक्या राहिल्या असतील त्यांचे तुकडे पडतात. मधला बरोबर आकडा शोधत बसू नका, तो नाहीच.

हवं ते असं: जितका पिक्सेल पांढरा, तितका तो पारदर्शक व्हावा. म्हणजे १२० चा करडा हा "अर्धा काळा" होईल आणि खाली जो रंग येईल त्यात मिसळेल. जिम्पमध्ये आधी इमेज, मोड, आरजीबी करा, मग कलर्समध्ये कलर टू अल्फा, रंग पांढरा. क्रिटा या प्रोग्रॅममध्येही फिल्टर, कलर्सखाली हीच आज्ञा आहे. फोटोशॉपमध्ये ती नाही. तिथे चॅनल्समध्ये आरजीबीच्या चित्रावर कंट्रोल दाबून क्लिक करा, उजळ भागाची निवड होते. ती उलटी करा, नवा लेअर घ्या आणि निवडीत काळा भरा. जुना लेअर बंद करा.

यानंतरची पायरी बरेच जण गाळतात. लेअरचा अल्फा, म्हणजे पारदर्शकता, लॉक करा आणि पूर्ण लेअर शुद्ध काळ्यानं भरा. पारदर्शकता तशीच राहते, पण रेघेत लपलेला फिका करडा किंवा कागदाचा पिवळसरपणा जातो.

आता परीक्षा. खाली भडक गुलाबी लेअर टाका आणि २०० टक्क्यांवर सगळं पान फिरून बघा. रेघेला पांढरी किनार दिसली तर कुठेतरी कांडी फिरली आहे. सगळ्या गुलाबीवर धुरकट पापुद्रा दिसला तर कागद पूर्ण पांढरा झाला नव्हता. मागे जाऊन पांढरं टोक २२० वरून २१० वर घ्या. परीक्षा पांढऱ्या पार्श्वभूमीवर घेण्यात अर्थ नाही.

सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे काही न काढता रेघेचा लेअर मल्टिप्लाय मोडला (त्यात पांढरं दिसत नाही) ठेवून खाली रंगवणं. फक्त रंगच भरायचे असतील तर तो चालतो. रेघांनाच रंग द्यायचा असेल, तारा पितळी करायच्या असतील, तर नाही.

थ्रेशोल्डबद्दल, म्हणजे प्रत्येक पिक्सेल एकतर काळा नाहीतर पांढरा करणाऱ्या आज्ञेबद्दल, एकच: ३०० डीपीआयच्या चित्रावर कधीही नाही. १२०० ला स्कॅन करून थ्रेशोल्ड लावायचं आणि मग आकार लहान करायचा, ही पद्धत ठीक आहे. लहान करताना कडा पुन्हा मऊ होतात.

ठिपके आणि फटी

धुळीचे ठिपके गुलाबी लेअरवर लगेच दिसतात. लहान, कडक खोडरबरानं हातानं खोडा. डिस्पेकलसारखे ठिपके काढणारे फिल्टर दोन पिक्सेलांच्या तारेला धूळच समजतात.

भोपळा आणि दांडी जिथे मिळतात तिथे रेघ मुद्दाम सोडलेली असते आणि बादलीचा, म्हणजे बंद भाग एकदम भरणाऱ्या साधनाचा, रंग तिथून बाहेर सांडतो. मूळ रेघ जोडू नका, चित्राचा श्वास जातो. वेगळ्या लेअरवर कडक पेन्सिलीनं तात्पुरता बांध घाला, रंग भरा, बांध पुसा. जिम्प २.१० मध्ये बादलीला रेखाचित्र ओळखून भरण्याचा पर्याय आहे, लहान फटींना तो पुरतो. बांध घाला किंवा तो पर्याय वापरा, रंग रेघेखाली दोन-तीन पिक्सेल सरकला पाहिजे. बादलीत ग्रो ही नोंद असेल तर त्यासाठी ती वापरा.

छपाईला देताना

स्कॅनची मूळ टिफ कधीही बदलू नका, काम प्रतीवर करा. रेघ आणि रंग शेवटपर्यंत वेगळ्या लेअरवर ठेवा. दिवाळी अंकासाठी चित्र चार रंगांत छापायचं असेल तर आरजीबीतला (पडद्यावरचा) काळा सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शायांत, बदलताना चारही शायांचं मिश्रण होतो. छपाईत एखादा रंग अर्धा मिलिमीटर जरी सरकला तरी ०.१ च्या तारेशेजारी निळी नाहीतर लाल तार उगवते. म्हणून रेघेचा लेअर फक्त के च्या, म्हणजे काळ्या शाईच्या, प्लेटवर, १०० टक्के, ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्याच्यावर छापलेला). हे प्रेसला फोनवर सांगून भागत नाही, फाइलच तशी करून द्या.